नवनाथचा प्लस दोन

नवनाथचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. गजर चार पंचेचाळीसचा होता. तो वाजायच्या आधी पाच मिनिटं उठून नवनाथ गजर बंद करायचा आणि सावित्रीबाईंना सांगायचा, "घड्याळ मागं पडलंय." घड्याळ बरोबरच असायचं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि हा विनोदही तेवढाच जुना होता. सावित्रीबाई न हसता चहा ठेवायच्या.

संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांतून पाच पस्तीसला निघायचं, पाच पन्नासला नाशिक फाट्यावर कंपनीची बस धरायची आणि सातच्या आत चाकणला कार्ड पंच करायचं. बीडकडून आलेला हा माणूस पंचवीस वर्षं एकाच टेबलावर उभा होता. बसला नाही. टेबलाला स्टूल होतं, पण त्यावर तो डबा ठेवायचा.

टेबल इनवर्डचं होतं. बाहेरच्या छोट्या कारखान्यांतून तयार होऊन आलेल्या पिना कंपनीत शिरायच्या आधी नवनाथच्या हाताखालून जात. पंचवीस मिलिमीटर जाडीची पिन. डायलवर आधी मास्टर ठेवायचा, म्हणजे अचूक पंचवीसची नमुना पिन, आणि काटा शून्यावर आणायचा. मग आलेली पिन ठेवायची आणि काटा किती हलतो ते बघायचं. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तीन रेघांपर्यंत इकडे तिकडे चालतं, चौथीला पेटी परत.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तळेगाव दाभाड्याला दोन खोल्यांचं घर बांधून झालं होतं. भिंती होत्या, पत्रा होता, पुढच्या कुंपणाला दोन खांब होते. खांबांमध्ये गेट नव्हतं. तिथे पत्र्याचा तुकडा तारेने बांधलेला असायचा आणि शेजारच्या शेळ्या तो डोक्याने ढकलून आत येऊन सावित्रीबाईंचा कढीपत्ता खायच्या. नवनाथने ठरवलं होतं, शेवटच्या दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचं गेट करायचं. चांगलं, जाड पट्टीचं.

अशात एका सोमवारी त्याच्या टेबलावर एक टचस्क्रीन आणून ठेवली. सोबत निशिगंधा आली. आकुर्डीची, तिथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेली, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवर. इनवर्डचा कागद बंद करून सगळं स्क्रीनवर घ्यायचा प्रोग्रॅम तिने पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिला होता.

"काका, सोपं आहे," ती म्हणाली. "तो विचारेल, तुम्ही टाकायचं."

"काय टाकायचं?"

"तो विचारेल ते."

स्क्रीनने विचारलं, पेटीत नग किती? नवनाथने काहीच न लिहिता एंटर दाबलं. स्क्रीनवर सात-आठ ओळींची इंग्रजी तक्रार आली आणि प्रोग्रॅम बंद पडला.

निशिगंधाने पडद्याकडे पाहिलं, मग नवनाथकडे. "रिकामं कोण टाकतं, काका?"

"ज्याला चहाची घंटा ऐकू येते तो."

तिने प्रोग्रॅम परत चालू केला. नवनाथने लिहिलं, बारा नग. तो पुन्हा पडला.

"नुसता आकडा लिहायचा ना."

"मॅडम, तुम्ही विचारलं पेटीत नग किती. माणूस म्हणणार बारा नग. बारा काय, बारा हत्ती?"

हे सगळं मारुतराव पेट्या उचलायच्या फोर्कलिफ्टवर बसून बघत होता. मारुतराव चाकणजवळच्या जुन्या गावचा. ज्या जागेवर कंपनीचा पार्किंग शेड आहे तिथे त्याच्या आज्याचं खळं होतं, आणि हे तो दर नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. त्याने तिथेच पैज लावली. प्रोग्रॅम पडला की गेटबाहेरच्या टपरीवरचा चहा त्याच्याकडून, नाही पडला की नवनाथकडून.

"आज दोन कप झालं, राव," मारुतराव म्हणाला. "उद्या पोरगी सुधारून आणती का न्हाई बघ."

पोरगी सुधारून घेऊन आली. मंगळवारी नवनाथने रिकामं एंटर मारलं, काही पडलं नाही. बारा नग लिहिलं, पडलं नाही. स्वतःचं नाव लिहिलं, पडलं नाही. प्रत्येक वेळी स्क्रीन हिरवी होऊन पुढची पेटी मागायची. निशिगंधा हाताची घडी घालून उभी होती.

नवनाथने पाच पेट्या अशा घातल्या आणि म्हणाला, "आता मॅडम, ह्या पाच पेट्या मला दाखवा. कुठे गेल्या?"

तिने यादी उघडली. यादीत एकही पेटी नव्हती. चुकीचं काही आलं की गप्प बसून पुढे जा, असं तिने प्रोग्रॅमला शिकवलं होतं. तो गप्प बसून पुढे जात होता.

"काल पडत होता तो बरा होता," नवनाथ म्हणाला. "पडला तर कळतं तरी. हा आता खोटं बोलायला लागलाय."

तिचे कान लाल झाले. तिने तिथेच उभं राहून लॅपटॉपवर बदल केला. चूक आली की काय चुकलं ते सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. नवनाथने मान हलवली आणि शहाण्यासारखं फक्त नऊ लिहिलं. स्क्रीन म्हणाली, पेटीत शंभरपेक्षा जास्त नग बसत नाहीत.

"नऊ शंभरापेक्षा मोठे?" मारुतरावने फोर्कलिफ्टवरूनच विचारलं. "आमच्या साळंत असं असतं तर मी पास झालो असतो."

त्यामागची गोष्ट तिने नंतर नवनाथला सांगितली. पायथन माणसाने टाकलेलं काहीही आधी अक्षरं म्हणूनच घेतो, आकडा म्हणून नाही. अक्षरांची आणि आकड्याची तुलना होत नाही अशी त्याने तक्रार केली होती. तिला घाई होती. तिने शंभरालाही अवतरणचिन्हं लावून अक्षरं करून टाकलं. तक्रार थांबली. पण अक्षरांत पहिलं अक्षर बघतात, शंभरातलं पहिलं एक, आणि एकाच्या पुढे नऊ मोठाच.

"म्हणजे डायल हलत नव्हता म्हणून तुम्ही काटा चिकटवला," नवनाथ म्हणाला.

तिने वहीत काहीतरी लिहिलं.

बुधवारी नवनाथला खरी गंमत सापडली. पेटी मोजून झाली की स्क्रीन विचारायची, माल घ्यायचा का? हो असेल तर वाय, नाही तर एन. नवनाथने एन दाबलं. स्क्रीन म्हणाली, माल स्वीकारला. त्याने मराठी कीबोर्ड काढून नको लिहिलं. माल स्वीकारला. मग त्याने मारुतराव असं लिहिलं.

"मारुतराव, इकडे ये. तुला स्वीकारलंय."

"मला? मला सासऱ्यानं बी येवढ्या लवकर स्वीकारलं न्हवतं."

निशिगंधाने ती ओळ उघडली आणि बोट ठेवून वाचली. उत्तर लहान वाय असेल किंवा मोठा वाय असेल तर घ्या, असं तिला म्हणायचं होतं. तिने लिहिलं होतं ते असं वाचलं जात होतं की उत्तर लहान वाय असेल तर घ्या, किंवा मोठा वाय नावाचं अक्षर जगात असेल तर घ्या. ते जगात होतंच.

ती दुरुस्त करेपर्यंत नवनाथने नगांच्या जागी उणे पाच टाकलं. गोदामाच्या साठ्यातून पाच पिना कमी झाल्या.

तेव्हा ती भडकली. आवाज चढवला नाही, पण हातातला पेन टेबलावर ठेवला.

"काका, शुक्रवारी जयदीप सर इथे येऊन उभे राहणार आहेत. सात ते साडेतीन. पूर्ण शिफ्ट हा प्रोग्रॅम न अडता आणि बरोबर चालला तर मला नेमणुकीचं पत्र. नाही चालला तर शनिवारी ट्रेनिंग संपतंय, धन्यवाद आणि नमस्कार. घरी मी सांगून बसलेय की पत्र मिळणार. तुम्हाला गंमत वाटतेय."

"वाटते," नवनाथ म्हणाला. "गंमत वाटली नसती तर तीन दिवस एवढी मेहनत केली नसती. माझं रोजचं काम करून वर हे करतोय."

"कशाला पण?"

नवनाथने एक पिन उचलून तिच्या हातात दिली. "ही चांगली आहे का वाईट?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मी सांगतो. ह्या दारातून आलेलं सगळं वाईट. माल पाठवणारा व्हेंडर देवमाणूस असला तरी वाईट, माझा मेहुणा असला तरी वाईट. डायलवर चढून चांगलं ठरेपर्यंत वाईट. पंचवीस वर्षं मी हेच करतोय. आणि तुम्ही माझ्या बोटातून काय येईल त्याला न मोजता आत घेताय. मॅडम, मी तुमचा व्हेंडर आहे. माझं बोट म्हणजे न तपासलेला माल."

निशिगंधाने पिन डायलवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे प्रत्येक प्रश्नापाशी एक डायल."

"आता कसं."

गुरुवारी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा टवटवीत होता. नवनाथने बाह्या सरसावल्या. रिकामं, अक्षरं, उणे, शून्य, दहा लाख, आकड्याच्या पुढे चार स्पेस, आकड्याच्या मागे टिंब, एंटर दाबून धरणं. प्रोग्रॅम दर वेळी शांतपणे काय चुकलं ते सांगायचा आणि पुन्हा विचारायचा. स्पेस तर त्याने स्वतःच झटकून टाकल्या. शेवटचा उपाय म्हणून नवनाथने मराठी कीबोर्डवरून १२ लिहिलं. देवनागरी. इंग्रजीतला हा प्रोग्रॅम आता आडवा होणार, अशी त्याची खात्री होती.

प्रोग्रॅमने बारा नग निमूट घेतले.

"हे तुम्ही शिकवलं?" त्याने विचारलं.

"नाही," निशिगंधा म्हणाली. "मलाही आत्ताच कळलं. पायथनला आपले आकडे वाचता येतात."

नवनाथने पहिल्यांदा चहा पाजला. मारुतरावने वर एक क्रीम रोल उकळला.

शुक्रवारी सातला जयदीप सर हजर. प्लांटचे मुख्य, वय चाळिशीच्या आत, बूट चकचकीत. त्यांनी स्टूलवरचा डबा खाली ठेवला आणि बसले. नवनाथला ते आवडलं नाही. आज खोड्या नाहीत, असं त्याने आदल्या दिवशीच पोरीला सांगितलं होतं. आज फक्त काम.

काम सुरू झालं. प्रोग्रॅम प्रत्येक पिनेचं माप मागायचा. निशिगंधाने सोमवारी सांगितलं होतं तसं नवनाथ पूर्ण माप लिहीत होता. पंचवीस पॉइंट शून्य एक. पंचवीस पॉइंट शून्य दोन. हळू चाललं होतं, पण चाललं होतं. साडेनऊच्या चहापर्यंत एकही अडचण नाही. सर मोबाइल बघायला लागले. निशिगंधा पहिल्यांदा भिंतीला टेकली.

चहानंतर नवनाथच्या हाताला लय सापडली. लय सापडली की हात डोक्याला विचारत नाही. पिन उचल, ठेव, काटा बघ, लिही, सरकव. दहा वाजून गेल्यावर स्क्रीन लाल झाली. पेटी नापास. पुढची पेटी, नापास. तिसरी नापास झाली तशी प्रोग्रॅमने त्या व्हेंडरचा सगळा माल अडवून ठेवला आणि भोंगा वाजवला. हे निशिगंधानेच घातलेलं होतं, तीन पेट्या सलग वाईट आल्या की कुलूप.

आतून असेंब्लीचा फोन आला. पिना कुठे आहेत? लाइन वीस मिनिटांत रिकामी होईल.

जयदीप सर उठले. "नवनाथ, आज तरी खोड्या नको होत्या."

"साहेब, मी काही केलं नाही."

"सोमवारपास्नं हे असंच म्हंतंय," मारुतराव हसत म्हणाला, आणि मग सरांचा चेहरा बघून त्याने हसू गिळलं.

नवनाथने निशिगंधाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पंचवीस वर्षांत त्याच्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती. आणि आता तो खरं बोलत होता तर तिघांपैकी एकाचाही विश्वास नव्हता. दुसऱ्या कोणाला दोष द्यायचीही सोय नव्हती. चार दिवस त्यानेच ही कमाई केली होती.

"तुम्ही बघा," तो तिला म्हणाला. "मी काय लिहिलं ते त्यात असेल ना? ते बघा."

ते होतं. माणूस जे टाकेल ते जसंच्या तसं एका फाइलीत साठवायचं, हे तिने गुरुवारी पहाटे जागून केलं होतं. तिने फाइल उघडली. वर दोनशे ओळी पंचवीस पॉइंट अमुकच्या. आणि मग, चहानंतर काही वेळाने, +२, +१, ०, -१, +२.

"काका, हे काय आहे?"

नवनाथने वाकून पाहिलं. मग टेबलाखालून जुनं रजिस्टर काढलं. पान उघडलं, कुठलंही. पानभर त्याच्याच अक्षरात तेच. प्लस दोन, मायनस एक, शून्य, प्लस तीन. आणखी एक पान. दहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर. तेच.

"काटा दोन रेघा पुढे गेला की प्लस दोन लिहायचं," तो म्हणाला. "इनवर्डला सगळे असंच लिहितात. पंचवीस कोण लिहीत बसणार, पंचवीसची पिन आहे हे सगळ्यांना माहीत असतं."

"प्रोग्रॅमला माहीत नव्हतं," निशिगंधा म्हणाली. "त्याला प्लस दोन म्हणजे दोन मिलिमीटर. आकडा अगदी शुद्ध आहे, म्हणून त्याने अडवला नाही. आणि दोन मिलिमीटरची पिन म्हणून नापास केली."

"मग चूक कोणाची?" जयदीप सरांनी विचारलं.

"माझी, सर. आलं ते आकडा आहे का एवढंच मी तपासलं. कशाचा आकडा आहे, ते तपासलं नाही. आणि काका रोज कसं लिहितात ते मी एकदाही बघितलं नाही."

"अर्धी माझी," नवनाथ म्हणाला. मग त्याने मनाशी माप घेतलं आणि दुरुस्त केलं. "अर्ध्यापेक्षा जास्त. चार दिवस मी तिला येड्यासारखं लिहून दाखवलं. माझ्यासारखं लिहून एकदाही दाखवलं नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. "साडेबारापर्यंत कागदावर चालवा. मग परत लावा. पुन्हा कुलूप पडलं तर मात्र विषय संपला."

कुलूप निघालं, मारुतरावने पेट्या आत नेल्या, नवनाथने जुन्या सवयीने कागद भरला. जेवणाच्या सुट्टीत निशिगंधा जेवली नाही. नवनाथने डब्यातली भाकरी आणि लसणाची चटणी तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. एका हाताने खात तिने प्रश्नच बदलला. आता स्क्रीन माप मागत नव्हती. ती विचारायची, मास्टरपासून काटा किती रेघा हलला? आणि उत्तर मिळालं की स्वतः हिशेब करून मोठ्या अक्षरात सांगायची, म्हणजे पिन पंचवीस पॉइंट शून्य दोन, बरोबर? दहापेक्षा जास्त रेघा कोणी टाकल्या की ती थांबून पुन्हा बघायला सांगायची.

साडेबाराला सुरू झालं. नवनाथचा हात आता पळायला लागला. प्लस दोन, मायनस एक, शून्य. दीडपर्यंत सकाळची तूट भरून निघाली.

जयदीप सरांना राहवलं नाही. "द्या, मी एक टाकतो." त्यांनी पिन ठेवली, काटा पाहिला आणि इंजिनिअर लिहितो तसं पूर्ण माप लिहिलं, २५.०२.

स्क्रीन म्हणाली, काटा पंचवीस रेघा हलणं शक्य वाटत नाही. पुन्हा पाहा.

सरांनी पुन्हा पाहिलं. मारुतराव फोर्कलिफ्टवरून दुसरीकडे बघत खोकला. नवनाथ अतिशय गंभीर आवाजात म्हणाला, "साहेब, सगळ्यांचं होतं."

सरांनी लिहिलेलं खोडून दोन टाकलं. साडेतीनचा भोंगा झाला तेव्हा स्क्रीन चालू होती.

पत्र सोमवारी आलं. त्यात एक अट होती, पहिला महिना ऑफिसात बसायचं नाही, इनवर्डच्या टेबलावर उभं राहून माल मोजायचा. अट कोणाच्या सांगण्यावरून पडली, हे निशिगंधाने विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात तिच्या पोटऱ्या दुखल्या. नवनाथने तिला स्टूल दिलं नाही. त्यावर डबा होता.

दोन महिने भरले आणि नवनाथ निवृत्त झाला. पुढच्या रविवारी त्याने निशिगंधाला आणि मारुतरावला तळेगावला जेवायला बोलावलं. दोघं घरापाशी आले तेव्हा दोन खांबांमध्ये तोच पत्रा होता, तारेने बांधलेला. नवं गेट भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. जाड पट्टीचं, काळ्या रंगाचं, वर भाल्याची टोकं. देखणं होतं.

"लावलं न्हाई अजून?" मारुतरावने विचारलं.

नवनाथ पत्र्याची तार सोडवायला लागला. सावित्रीबाई परातीत पीठ मळत दारातूनच म्हणाल्या, "सांगा की."

गेट रोहिदास वेल्डरने केलं होतं. नवनाथने त्याला फोनवर माप सांगितलं होतं, चार फूट प्लस दोन. त्याला म्हणायचं होतं दोन सूत. इंचात आठ सूत असतात आणि नवनाथ घरकामाचं माप सुतात घेतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. रोहिदासला माहीत नव्हतं. त्याने चार फूट दोन इंच केलं. खांबांत ते बसत नव्हतं.

निशिगंधाने गेटाकडे पाहिलं, मग खांबांकडे. फार जपून तिने विचारलं, "काका, त्याने विचारलं नाही का, दोन काय?"

"नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"मला वाटलं समजेल."

मारुतराव गेटापाशी गेला, त्याला वरून खाली हात फिरवला आणि म्हणाला, "पेटी नापास. व्हेंडरला कुलूप."

सावित्रीबाई एकतीस वर्षांत पहिल्यांदा नवनाथच्या घरातल्या एका विनोदावर हसल्या. तो विनोद नवनाथचा नव्हता.

तर दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचं गेट झालं. आणि त्यातून जे उरलं होतं, ते एका गवंड्याला गेलं. त्याने एक दिवस बसून डावा खांब पावणेदोन इंच तासला. काम चांगलं केलं. नवनाथ समोर उभा राहून टेप धरून होता, आणि माप सांगताना दर वेळी एकक म्हणत होता.